थाळीतल्या वडाला पाणी

चैत्रातली कोवळी पानं जून होतात, शहाद्याच्या रस्त्यावरचं डांबर दुपारी चपलेला धरू लागतं, आणि माझ्या गच्चीच्या जिन्यावर पावलं वाजू लागतात. कोणी पिशवीत, कोणी रुमालात, कोणी वहीच्या पानांत दाबून एखादं पिवळं पान घेऊन येतं. गच्चीवर माझी सतरा झाडं आहेत. वड, उंबर, चिंच, एक हट्टी बाभूळ. सगळी थाळ्यांमध्ये. त्यातलं सगळ्यात मोठं जमिनीपासून माझ्या गुडघ्यापर्यंत येतं आणि वयानं माझ्या थोरल्या सुनेपेक्षा मोठं आहे. आता त्यांना बोन्साय म्हणतात. लोक झाडांकडे दोन मिनिटं बघतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो. पाणी किती घालायचं?

मी जन्मभर बारदानाचा, म्हणजे जुन्या गोण्यांचा धंदा केला. 'किती' हा शब्द मला आवडायला हवा. किती, केवढ्याला, शेवटचं काय ते बोला, यावरच माझं घर उभं राहिलं. पण झाडाच्या बाबतीत कोणी किती म्हटलं की माझं डोकं तापतं. गेल्या महिन्यात बँकेतले एक साहेब पिशवीत एक लहान झाड घेऊन आले होते. म्हणाले, "काका, एक ठरावीक माप सांगा. रोज एक तांब्या, की दिवसाआड दोन?" मी म्हटलं, "तुम्हाला तहान लागते ती बँकेच्या घड्याळावर लागते का?" ते जिना उतरून गेले. बायको वाळवण उलटत होती. ती म्हणाली, "त्यासवर काबर चिडतस? तुम्ही बी असंच करं व्हतं."

तिचं खरं आहे. मी त्याहून वाईट केलं होतं.

तो उन्हाळा महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले त्याच्या लगेच नंतरचा. आमच्या तालुक्यात त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी वाटण्यांचीच भाषा होती. कोणतं गाव इकडे आलं, कोणाची सोयरीक तिकडे गेली. मला त्या गप्पांत रस नव्हता. माझी वाटणी नऊ वर्षांपूर्वी झाली होती आणि ती मला पुरली होती.

शहाद्याला माझं पत्र्याचं गोदाम होतं. उन्हाळ्यात दहा वाजताच पत्रा बोलू लागायचा, टक्‌ टक्‌. आत तागाचा वास, त्यात सरकीचा, शेंगदाण्याच्या तेलाचा, आणि कुठल्याशा गोणीतून आलेला हळदीचा. जिनिंगमधून, तेलघाण्यांवरून मी फाटक्या गोण्या आणायचो आणि शिवून विकायचो. गोणी उजेडाकडे धरायची, भोक दिसलं की दाभण चालवायचं. दिवसाला शंभर भोकं बुजवायचो. बोटांच्या टोकांना सुतळीचे घट्टे पडले होते. गावाहून आलो तेव्हा माझ्याकडे एक वळकटी आणि एक दाभण होतं, हे मी त्या काळात प्रत्येकाला सांगायचो. न विचारताही.

असा मी बसलेलो असताना वैशाखाच्या एका सकाळी दारात सावली पडली. मान वर केली तर माझा थोरला भाऊ, नाना. मागे वहिनी. सहा वर्षांनी. नाना निम्मा झाला होता. पोटात गाठ होती, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, दुपारच्या एसटीनं नंदुरबार आणि तिथून सुरतमार्गे रेल्वेनं जायचं होतं. वहिनीच्या हातात ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली होती. तिनं फडकं काढलं. भाजलेल्या मातीच्या उथळ थाळीत एक वड उभा होता, वीतभर उंच. खोड मनगटाएवढं, त्याला दोन बारीक पारंब्या, पानं रुपयाएवढी. पूर्ण वाढलेला, म्हातारा वड, फक्त लांबून पाहिल्यासारखा.

मी ते झाड ओळखलं. आमच्या तापीकाठच्या मळ्यातल्या विहिरीच्या दगडात ते उगवलं होतं. पंधरा वर्षं फटीत राहून खुजं झालेलं. मुळ्या बांधकाम फोडू लागल्या तेव्हा ते काढावं लागलं, पण वड तोडायला कोणाचा हात धजेना. नानानं ते अलगद सोडवून थाळीत लावलं होतं. गावातला मोठा वड वावटळीत पडल्यापासून वहिनी वटपौर्णिमेला याच वडाला दोरा बांधायची.

वहिनी माझ्या बायकोला म्हणाली, "माय, आम्ही येवालगून याले संभाळ. याना पानं हिरवा ऱ्हावाले पायजेत." तिनं कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं केलं. बायकांना तेवढं पुरतं. माझ्या बायकोनं टोपली दोन्ही हातांनी घेतली, तान्हं मूल घ्यावं तशी.

एसटी स्टँडवर मी नानाची वळकटी टपावर चढवली. आम्ही दोघं हवापाण्यापलीकडे काही बोललो नव्हतो. गाडी सुरू झाल्यावर तो खिडकीतून म्हणाला, "आप्पा, पानी देजो. पन इचारीसन देजो."

"कोनले इचारू?"

"झाडले."

गाडी धुरळा उडवत गेली. मी तिथंच उभा राहिलो आणि तापलो. विचारून दे म्हणे. ज्यानं मला विहिरीच्या पाण्यात वाटा दिला नाही, तो मला पाणी कसं द्यायचं ते शिकवतो. वाटणीत त्यानं मला उताराकडचा खोलगट तुकडा दिला होता. त्या तुकड्याच्या मधून त्यानं पूर्वी एक चर खणलेला, गुडघाभर खोल, नाल्यापर्यंत गेलेला. पेरायची जमीन त्यात फुकट जात होती. वाटणीच्या दिवशी बांधावरच्या निंबाखाली दोर धरून आम्ही मोजत होतो. नाना म्हणाला होता, "या चरले हात नको लावू." मी लगेच म्हटलं, "मंग चरनी जागा मोजमाईन सोड, नही ते वरला दोन तास माले दे." तास म्हणजे नांगराची ओळ. नानानं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच बोलला नाही. सौद्यात गप्प बसतो तो हरतो, असं माझं तेव्हाही मत होतं. मला दोन तास मिळाले. नाना बांधावरून घरी गेल्यावर मी तो चरही बुजवून टाकला, आणि त्याच्यावर कपाशी लावली. तिसऱ्या वर्षी तुकड्यावर पांढरी खारी फुटली, जमीन चोपण झाली, पाय टाकला की साबणासारखी लागायची. भावानं मुद्दाम खारी जमीन माझ्या गळ्यात मारली, असं म्हणत मी वळकटी उचलली होती.

आता त्याचं झाड माझ्या गोदामात होतं. मला वाटलं असतं तर त्याला तहानेनं मारता आलं असतं. खोटं कशाला बोलू, तो विचार आला आणि एक दिवस राहिलाही. पण मी हट्टी माणूस. मी ठरवलं की असं पाणी द्यायचं की नाना परत आल्यावर लाजला पाहिजे. त्यानं मला थेंब दिला नाही. मी त्याच्या वडाला पाण्यात ठेवीन.

पहिल्याच दिवशी तांब्याभर पाणी घातलं आणि थाळीखालची गोणी भिजली. थाळी उचलून पाहिली. बुडाला भोक, बोट जाईल एवढं. मी हसलो. नानाला कुंभारानं फुटकं भांडं दिलं होतं आणि त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं. काडीनं डांबर आणलं, भोक बुजवलं, वरून गोणीचा तुकडा चिकटवला. पक्कं काम. नंतर एक थेंब गळला नाही. मी बायकोला बोलावून दाखवलं सुद्धा.

मग सकाळी तांब्या, संध्याकाळी तांब्या. पाणी मातीवर चमकत उभं राहायचं आणि मला समाधान वाटायचं. बाहेर शहादा तापत होता. केळीची पानं उन्हात चिरफाळत होती, लोक डोक्याला ओले पंचे बांधून फिरत होते, आणि माझा वड भर वैशाखात पाण्यात उभा होता.

आठव्या दिवशी खालची दोन पानं पिवळी पडली. मला वाटलं, ऊन लागलं. दुपारचा आणखी एक तांब्या वाढवला. बाराव्या दिवशी गोदाम झाडताना बायकोला केरात पाच पानं मिळाली. तिनं ती फेकली नाहीत. देवळीत ठेवली.

इथं मी गच्चीवर येणाऱ्यांना थांबवून एक गोष्ट सांगतो. कोरड्यानं मरणारं झाड आणि पाण्यानं मरणारं झाड सुरुवातीला सारखंच दिसतं. दोघांची पानं माना टाकतात. तहानेची पानं कागदासारखी वाजतात. बुडालेल्याची मऊ असतात, पिवळी होऊन देठापासून आपोआप सुटतात. पण हा फरक बोटाला कळतो, डोळ्याला नाही, आणि घाबरलेला माणूस बोट लावत नाही, तांब्याच उचलतो.

मुंबईहून पोस्टकार्ड आलं. वहिनीनं कोणाकडून तरी लिहून घेतलेलं, शाळेतल्या मराठीत. ऑपरेशन झाले आहे, ताप उतरत नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. शेवटी एक ओळ: वडाची पाने कशी आहेत ते कळवावे. मी कार्ड वाचून दाखवलं. बायको थाळीकडे बघत राहिली. वडावर तेव्हा नऊ पानं उरली होती. ती म्हणाली, "काय लिखशात?" मी सौद्यात हजारदा खोटं बोललोय. त्या दिवशी पेन हातात धरून बसलो आणि एक शब्द उतरला नाही. मी या गोष्टी मानत नाही. पण वहिनी मानत होती, दूरच्या त्या खाटेशेजारी बसून मानत होती, आणि तिच्या मानण्याचा दोर माझ्या गोदामात बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी टोपली घेऊन धोंडूबाबा कुंभाराकडे गेलो. मला वाटलं, थाळी उथळ आहे, मोठी कुंडी घ्यावी. सवयीनं जाताच भाव पाडायला सुरुवात केली. धोंडूबाबा चाकावरून उठला, हात पुसले, टोपलीतलं झाड बघितलं आणि माझं बोलणं न ऐकता थाळी तिरपी केली.

"शेठ, हाई काय शे?"

"डांबर."

"काबर?"

"गळी ऱ्हायंतं."

म्हातारा हसला. म्हणाला, "हाई थाळी मीच बनाडेल शे, शेठ. ते भोक मी पाडेल व्हतं. तुमना भाऊपाईन त्या भोकना येगळा भाव लिन्हा मी." मग डांबर नखानं खरवडत हळूच म्हणाला, "मुयीसले बी नाक ऱ्हास. तुम्ही नाक दाबी धरं." मुयी म्हणजे मुळी.

भोकाला भाव असतो, हे मला माझ्या धंद्यात कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानं खिळा तापवून डांबर उकललं. आतून काळं पाणी आलं आणि त्याच्याबरोबर वास आला. त्या वासानं मी मागे सरलो. कुजल्या मुळ्यांचा, अडकलेल्या पाण्याचा, किंचित अंड्यासारखा. हा वास मला ठाऊक होता. चोपण झालेल्या माझ्या तुकड्यात पावसाळ्यानंतर कुदळ मारली की हाच वास यायचा. नानाच्या वरच्या मळ्यातल्या केळीचं पाणी जमिनीतून झिरपून खाली माझ्याकडे यायचं. चर त्याला नाल्यात न्यायचा. मी चर बुजवला, पाणी अडलं, आणि अडलेल्या पाण्यानं जमिनीच्या पोटातलं मीठ वर आणलं.

कुंभाराच्या ओट्यावर मी बराच वेळ बसलो. धोंडूबाबाला वाटलं मला चक्कर आली. त्यानं माठातलं पाणी दिलं. मी ते न पिता हातात धरून बसलो होतो. सहा वर्षं ज्या रागावर मी जगलो, त्यातला निम्मा माझ्याच फावड्याचा होता. निम्मा म्हणतो. खोलगट तुकडा मलाच का दिला, हा उरलेला निम्मा अजून माझ्याकडे आहे.

धोंडूबाबानं मला झाड नव्यानं लावून दिलं. कुजक्या मुळ्या कापल्या, विटांचा चुरा आणि तापीची जाड वाळू मिसळून माती भरली, भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवला, म्हणजे माती अडेल आणि पाणी निघून जाईल. झाड सावलीत ठेवायला सांगितलं. भाव त्यानं सांगितला तो दिला. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि त्यालाही ते विचित्र वाटलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आते पानी कवय देवानं?" केव्हा द्यायचं. जवळजवळ तोच प्रश्न, जो आज सगळे विचारतात. मी चिमूटभर माती उचलून मुठीत दाबली. गोळा झाला. बोटानं टिचकी मारली, गोळा फुटला नाही, नुसता चपटा झाला. मी म्हटलं, "आज नही."

वाफसा. लहानपणापासून रोज ऐकलेला शब्द. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जमीन ओलीही नाही आणि कोरडीही नाही, मूठ दाबली तर गोळा होतो आणि टिचकीनं फुटतो, ती वेळ. वडील पेरणीआधी रोज पहाटे रानात जाऊन मूठ दाबायचे. जमिनीला विचारणंच ते. नाना तेच म्हणाला होता एसटीच्या खिडकीतून. शेतकऱ्याचं पोर असून मला ते कळलं नाही, कारण मला वाटलं वाफसा वावराला येतो, थाळीला कसला वाफसा.

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते मला सगळ्यात जड गेलं. उरलेली पानंही गळली. नुसतं खोड. तांब्या हातात घ्यावासा वाटायचा. पण पानं नसलेलं झाड पाणी पीत नाही, त्याला थोडंच लागतं. रोज सकाळी बोट मातीत, रोज मुठीत माती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळा फुटायचा, तेव्हा झारीनं सावकाश पाणी घालायचं, खालून थेंब पडेपर्यंत. लू लागू नये म्हणून मी थाळीभोवती ओल्या गोण्या उभ्या केल्या. जन्मात पहिल्यांदा मी भोकं असलेल्या गोण्या मुद्दाम निवडल्या, वारा खेळावा म्हणून. थाळीत घातलेलं विहिरीचं पाणी वाळलं की काठावर पांढरी रेघ उमटायची. ती पाहिली आणि मी नदीचं पाणी मागवायला लागलो. खारीला मी एकदा भेटलो होतो.

पोस्टकार्डाला मी उत्तर दिलं. खरं लिहिलं: पाने गळाली आहेत, चूक माझी आहे, झाड धरून आहे. ते पत्र वहिनीनं नानाला वाचूनच दाखवलं नाही, हे मला नंतर कळलं.

ज्येष्ठ लागला. एका सकाळी फांदीच्या टोकाला लाल टोपी दिसली, गव्हाच्या दाण्याएवढी. वडाचं पान येण्याआधी अशी कोषाची टोपी येते. मी बायकोला हाक मारली नाही. भीती वाटली, हाकेनं ती पडेल. तिलाच दिसली संध्याकाळी. तिनं देवळीतली वाळकी पाच पानं काढून झाडाच्या बुडाशी ठेवली.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी नाना आणि वहिनी उतरले. नाना काठी घेऊन चालत होता, पण चालत होता. वडावर तेव्हा चार पानं होती, कोवळी, तांबूस. वहिनी आधी झाडाकडे गेली, मग तिनं पाणी घेतलं. नाना खाली बसला, थाळी तिरपी करून बुड पाहिलं. डांबराचा काळा गोल डाग तिथं राहिला होताच.

"बुजी टाकं व्हतं?"

"हा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, निंबाखाली पाहिलं होतं तसंच. माझं डोकं तापलं. सहा वर्षांचं एकदम वर आलं. मी म्हटलं, "नाना, तो चर कसाकरता व्हता, ते तवय काबर नही सांगं तू?"

"सांगं व्हतं ना. हात नको लावू, म्हनं व्हतं मी."

"पन कसाकरता, ते काबर नही सांगं?"

"सांगनार व्हतो," नाना म्हणाला. "तू भाव करी ऱ्हायंता."

आणि तो टाक्यांवर हात धरून हसू लागला. हसताना दुखत होतं तरी थांबेना. वहिनी ओरडली. मीही हसलो असेन. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं आणि ते मी गोणीच्या धुळीवर ढकललं.

मग त्यानं मातीत बोट घातलं. क्षणभर तसंच ठेवलं, नाडी बघावी तसं. म्हणाला, "वाफसा शे. सकायलगून ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं आमच्या ओट्यावर त्या वडाला सात फेऱ्या घातल्या. एवढ्याशा झाडाभोवतीच्या फेऱ्या म्हणजे जागच्या जागी फिरल्यासारख्याच. दोरा तिनं सैल बांधला, खोडाला काचू नये म्हणून. जाताना टोपली उचलायला मी वाकलो, तर नाना म्हणाला, "तुन्हाजवळ ऱ्हाऊ दे. तुले आते इचारता येस."

त्यानंतर तो बारा वर्षं जगला. आम्ही एकमेकांकडे येत-जात राहिलो, केळीचे घड, पापड, सुनांच्या तक्रारी, सगळं झालं. खोलगट तुकडा मलाच का दिलास, हे मात्र मी विचारलं नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, अजून ओलं आहे, आज नको. काळ्या जमिनीचा वाफसा दोन-तीन दिवस टिकतो. तो चुकला की तीच जमीन दगड होते आणि भेगाळते, मग कुदळ घातली तरी काही उगवत नाही. एवढी वर्षं मूठ दाबून बघत राहिलो आणि तो दिवस कधी येऊन गेला मला कळलं नाही. नाना गेला. कदाचित त्याच्याकडेही उत्तर नसेल, थोरल्यानं वरची जमीन घ्यावी एवढंच असेल. कदाचित असेल.

बँकेतले साहेब काल पुन्हा आले. हातात तेच झाड, आता नुसत्या काड्या. शरमेनं जिन्यातच उभे राहिले होते. मी त्यांना वर बोलावलं, नानाच्या वडासमोर बसवलं आणि त्यांचं बोट धरून त्याच्या मातीत घातलं. "काय वाटतं?" विचारलं. ते म्हणाले, "कोरडं. म्हणजे अगदी कोरडं नाही." मी म्हटलं, "आता तुम्हीच सांगा, द्यायचं का?" त्यांनी बराच वेळ बोट ठेवलं, मग म्हणाले, "द्यावं." मी झारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी घातलं, जरा घाईनं, आणि झारी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, थांबा. आम्ही दोघं वाकून थाळीखाली बघत राहिलो. डांबराचा डाग अजून आहे तिथं. त्याच्या मधोमध थेंब जमला, लांबला, आणि पडला.